काय वाढू, असं विचारलंत का?

कार्तिक वद्य दशमीचा दिवस होता. आळंदीच्या यात्रेसाठी म्हणून सासरकडचे चार पाहुणे आमच्या चऱ्होलीच्या घरी उतरले होते. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला आणि डबा उघडून बघते तो पोळ्या उरलेल्या. मोजून अकरा! एरवी आपण बायका उरलेल्या पोळीला घाबरत नाही. सकाळी फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तूप घालून मुलांना लाडू. पण दुसऱ्या दिवशी एकादशी. घरात झाडून सगळ्यांचे उपास. अन्न टाकायला तर हात धजत नाही.

‘‘अहो, आळंदीला चाललाच आहात, तर घेऊन जा की,’’ शेजारच्या वहिनींनी सुचवलं. ‘‘वाटेवर किती जण बसलेले असतात. कुणाच्या तरी मुखी लागतील.’’

मला ते पटलं. सकाळी पोळ्या कागदात बांधल्या, वर लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि निघाले. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला रांगेनं माणसं बसलेली होती. त्यांच्यातल्या एका म्हातारीसमोर मी पुडकं धरलं. नऊवारी लुगडं, विटलेलं पण नेटकं नेसलेलं. कपाळावर बुक्का. तिनं पुडक्याची घडी उघडली, आत पाहिलं, पुन्हा नीट मिटली आणि माझ्या हातात परत दिली.

‘‘बाई, आज एकादशी हाय न्हवं?’’

खरं सांगू? पहिल्यांदा मला रागच आला. रस्त्यावर बसायचं आणि वर हे नखरे, असं मनात येऊन गेलं. चार पावलं पुढेही गेले. मग माझ्या खांद्यावरची पिशवी मला जड लागायला लागली. तिच्यात माझ्यासाठी राजगिऱ्याचे लाडू होते, केळी होती. म्हणजे माझ्या उपासाची तरतूद मी केली होती. तिला उपास असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिनं देवासाठी घर सोडून आळंदी गाठलेली, मी घरून रिक्षानं दहा मिनिटांत आलेली. आणि एकादशी फक्त माझी?

मी मागे फिरले. लाडू पुढे केला. ती हसली तेव्हा दिसलं, तोंडात दात नव्हते. ‘‘केळं दे,’’ म्हणाली. मी विचारलं, ‘‘आजी, उद्या बारस सोडायला काय आणू?’’

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा कितीतरी दिवसांत तिला असं कुणी विचारलं नसावं. मग हळूच म्हणाली, ‘‘भात आण. मऊ असंल तर बरं.’’

पंगतीची रीत दारात कुठे जाते?

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे पंगत बसली की वाढणारी बाई पानाजवळ वाकून विचारते, ‘‘काय वाढू?’’ नको म्हटलं तर आग्रह करते, पण विचारल्याशिवाय पानात टाकत नाही. पाहुणा गोड खात नसेल, कुणाला वांगं वातूळ असेल, एखाद्याचा सोमवार असेल, हे सगळं आपल्याला पाठ असतं. मग रस्त्यावर हात पसरलेल्या माणसापुढे येतो तेव्हाच ही आपली रीत कुठे जाते? तिथे आपण विचारत नाही. आपल्याकडे जे उरलं असेल ते देतो आणि घेणाऱ्यानं आनंदानं घ्यावं अशी अपेक्षा करतो. ‘धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत’ अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत उलटंच झालं. घेणारीलाच दात नव्हते आणि देणारीनं ते पाहिले नव्हते!

पूर्वी असं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. जातीपातीचा कडूपणा होता, विटाळ होता, लांबून वाढणं होतं. त्याची आठवण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण एक होतं, दारात येणारा ओळखीचा असे. पहाटे टाळ-चिपळ्या वाजवत वासुदेव यायचा. त्याला कुणाकुणाच्या नावानं दान पावलं ते तो मोठ्यानं म्हणायचा. सुगीला नंदीबैलवाला, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणाऱ्या, मरीआईचा गाडा घेऊन येणारे, पिंगळा, गोंधळी. सुपातलं पसाभर धान्य घालता घालता घरची बाई चौकशी करायची, ‘‘मुलगी कुठे दिली? बैल बरा झाला का?’’ नवऱ्याच्या खिशातल्या पैशावर बायकांची सत्ता नव्हती, पण कणगीतल्या पसाभर दाण्यांवर होती. दान हा बायकांच्या हातचा व्यवहार होता.

पुण्यात तर माधुकरी मागून शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. तिथली मुलं घरोघर माधुकरी मागून जेवत आणि शिकत. त्यांच्या झोळीत पोळी-भाजी घालणाऱ्या गृहिणींची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण त्या मुलांच्या शिक्षणात त्यांचा वाटा होता, हे कुणी नाकारू शकणार नाही.

आमची चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधीचं हे नुसतं गाव. वाघेश्वराची टेकडी, इंद्रायणीच्या काठची शेतं. आता जिकडेतिकडे उंच इमारती. एका बाजूला भोसरीची कारखानदारी, पलीकडे चाकण. फाटकाशी पहारेकरी, आत फेरीवाल्यांना व भिकाऱ्यांना मज्जाव असल्याची पाटी. त्या पाटीविरुद्ध माझी तक्रार नाही. एकटीदुकटी बाई घरात असते, काळजी घ्यावीच लागते. पण त्या पाटीमुळे झालं काय, की मागणारा दारातून गेला तो सिग्नलवर उभा राहिला. आता त्याची-आपली भेट गाडीच्या काचेतून होते, दिवा हिरवा होईपर्यंत. तेवढ्या वेळात नाव कोण विचारणार? आणि आता तर फोनवरून पैसे द्यायची सवय लागल्यामुळे पर्समध्ये सुटं नाणंही नसतं. काच वर करायची, समोर बघायचं, झालं.

ज्या गावानं भिक्षा नाकारली

आपण आळंदीला कुणाच्या दर्शनाला जातो, हे एकदा आठवून पाहू या. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला म्हणून त्यांना वाळीत टाकलं गेलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही त्यांची चार मुलं आईवडलांमागे पोरकी झाली आणि याच आळंदीत भिक्षा मागून जगली. कथा अशी सांगतात, की एकदा भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कुणीतरी फार अपमान केला. ते झोपडीत येऊन ताटी लावून बसले. ताटी म्हणजे दार. त्या बंद दाराबाहेर उभं राहून धाकट्या मुक्ताईनं त्यांची समजूत घातली, तेच ताटीचे अभंग. दुसऱ्या कथेत मुक्ताईला मांडे करायचे असतात, पण विसोबानं गावात ताकीद दिलेली असते, म्हणून कुंभार तिला खापर देत नाही.

मांड्यासाठी साधं खापर मागणारी ती पोर, आणि तिला नाही म्हणणारं गाव! आज आपण त्याच गावात तिच्या भावाच्या समाधीपुढे रांगेत उभे राहतो. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. दर वर्षी त्या सोहळ्याला लाखो माणसं लोटतात, आषाढी वारीला पालखी निघाली की आमच्या वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांशी थांबते आणि आम्ही बायका आरतीचं तबक घेऊन उभ्या राहतो. ज्यांच्यासाठी तबक धरतो ते एके काळी झोळी घेऊन उभे होते, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

‘‘तू भोळी आहेस!’’

बारशीला मी मऊ भात, वरण आणि वर चमचाभर तूप असा डबा घेऊन निघाले, तेव्हा आमच्याकडे हे म्हणाले, ‘‘तू भोळी आहेस. या लोकांच्या टोळ्या असतात. दिलेल्या पैशाची दारू होते. आणि देत राहिलं की माणूस आळशी होतो.’’

आपल्यापैकी बहुतेक घरांत हे संवाद झाले असतील. आणि त्यात काहीच तथ्य नाही असंही नाही. म्हणून एकेक बघू.

टोळ्यांचं म्हणाल तर मुलांच्या बाबतीत ही भीती खरी आहे. मूल कडेवर असलं की हात लवकर सैल होतो, हे मागायला लावणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मुलाला भिकेला लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड ठेवला आहे. त्यासाठी मुलाला कुणी लुळंपांगळं केलं, तर शिक्षा सात ते दहा वर्षं आणि दंड पाच लाख. मुलाच्या हातावर ठेवलेला रुपया त्याला उद्या पुन्हा त्याच सिग्नलवर उभा करतो. म्हणून मुलाला पैसे नकोत. खाऊ घालावं, समोर बसवून. आणि मूल एकटं, आजारी किंवा गुंगीत दिसलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट लागतो.

दारूचं म्हणाल तर ज्याची भीती वाटते त्याला पैसे देऊ नका, अन्न द्या. प्रश्न मिटला.

आळसाचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यायला हवं, कारण ते मोठ्या माणसांनीही सांगितलं आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी हातातल्या खराट्यानं गाव झाडत आणि मग भाकरी घेत. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते कुष्ठरोग्यांना भीक नव्हे, काम मिळावं म्हणून. दोघांचं म्हणणं एकच, फुकटच्या घासानं माणूस खचतो, कामानं उभा राहतो. अगदी मान्य. पण गाडगेबाबांनीच पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांना पोटभर जेवू घातलं, हेही विसरून चालणार नाही. आधी घास, मग काम. उपाशी माणसाच्या हातात खराटा देऊन भागत नाही. आणि बिनदातांच्या म्हातारीनं कुठल्या कारखान्याच्या दारात उभं राहावं, हे मला आमच्या ह्यांनी सांगावं!

कायदा काय म्हणतो? आपल्या राज्याचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा फार कडक आहे. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणंही त्यात भीकच धरलं आहे. आपला वासुदेवसुद्धा त्यात सापडेल! हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी आली, तेव्हा न्यायालयानं ती मानली नाही. शिक्षण नाही, काम नाही म्हणून माणसं रस्त्यावर येतात, हा गरिबीचा प्रश्न आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मोठ्या न्यायमूर्तींना जे दिसलं ते आपल्याला गाडीच्या काचेतून दिसू नये?

फलाटावर गाणारी बाई

आणि समोर हात पसरणारी बाई कोण आहे, उद्या कोण होणार आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? वर्धा जिल्ह्यातली एक बाई. लहान वयात लग्न झालेलं. दिवस भरत आलेले असताना नवऱ्यानं घराबाहेर काढली. १९७३ साली गोठ्यात बाळंत झाली. माहेरानं दार उघडलं नाही. तान्ही मुलगी घेऊन ती आगगाडीत आणि फलाटांवर गाणी म्हणत भीक मागू लागली, रात्री स्मशानात झोपू लागली, कारण तिथे माणसांची भीती नव्हती. मिळालेलं अन्न ती आजूबाजूच्या भिकाऱ्यांबरोबर वाटून खाई.

तुम्ही ओळखलंच असेल. त्या सिंधुताई सपकाळ. पुढे त्या हजाराहून अधिक अनाथ मुलांची माय झाल्या. पुण्याजवळ मांजरीला त्यांनी संस्था उभारली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. नवरा म्हातारपणी दाराशी आला, तर त्यालाही त्यांनी लेकरू म्हणून ठेवून घेतलं.

मला त्यांच्या गोष्टीत एक वेगळीच माणसं दिसत राहतात. त्या फलाटावर ज्यांनी आपल्या डब्यातली चतकोर भाकरी त्या ओल्या बाळंतिणीला दिली, ती माणसं. त्यांना कुठे ठाऊक होतं, की आपण हजार लेकरांच्या आईला जेवू घालतो आहोत? सत्पात्री दान द्यावं असं आपण म्हणतो. पण पात्र कोण हे फलाटावर कसं ओळखणार? भूक ओळखता येते. तेवढं पुरे.

द्यायचंच तर असं द्या

आता जरा घरगुती. गेल्या वर्षभरात चुकत-माकत मी जे शिकले ते सांगते.

अन्न द्यायचं तर आपण खाऊ शकू असंच. वास घेऊन बघावा लागतो, ते अन्न द्यायचंच नाही. उन्हाळ्यात दही-दुधाचे, नारळाचे पदार्थ लवकर नासतात, ते टाळावेत. म्हाताऱ्यांना मऊ भात, खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, उकडलेला बटाटा, केळं. मिरची कमी. जेवणाबरोबर पिण्याचं पाणी द्यायला बहुतेकजणी विसरतात, मीही विसरत होते. आता एक बाटली भरूनच घेते. लग्नकार्यातलं उरलेलं अन्न द्यायचं तर त्याच रात्री, तासा-दोन तासांत. दुसऱ्या दिवशीची वाट पाहू नये.

कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं-हुक लावून. नुसती साडी देऊन काय उपयोग, बरोबर परकर आणि ढगळ पोलकंही हवं. तरुण बायकांना पाळीच्या दिवसांत लागणारे पॅड मागायची लाज वाटते. साबण, खोबरेल तेल, फणी आणि पॅड अशी एक छोटी पिशवी करून द्या. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा. थंडीत आळंदीच्या घाटावर वारं बोचतं, जुन्या रजईला नवी खोळ शिवली तरी कुणाची तरी रात्र निभावते. वहाणा देताना माप विचारा.

औषध मात्र आपल्या मनानं कधीही देऊ नये. खोकल्याचं बाटलीभर औषधसुद्धा नाही.

बोलताना ‘आजी’, ‘मावशी’, ‘दादा’ म्हणावं. नाव विचारावं, आपलं सांगावं. मुलांना बरोबर न्यावं, पण ‘‘बघ, अभ्यास केला नाहीस तर असा होशील’’ हे वाक्य त्या माणसासमोर कधी म्हणू नये. वाढदिवसाला अन्नदान करून फोटो काढण्याची जी पद्धत पडली आहे, तीही सोडावी. आपल्या घरच्या पंगतीत जेवणाऱ्या पाहुण्याचे असे फोटो आपण काढतो का?

आणि नेहमी पैसेच नको असंही नाही. औषधाला, एसटीच्या तिकिटाला पैसेच लागतात. म्हणून पुन्हा तेच, आधी विचारावं.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे आणि डॉ. मनीषा सोनवणे हे दाम्पत्य नेमकं हेच करत आलं आहे. २०१५ मध्ये डॉ. अभिजित यांनी चांगली नोकरी सोडली आणि देवळं, मशिदी, चर्चच्या दारांत बसणाऱ्यांवर मोफत उपचार सुरू केले. ऐन उमेदीच्या पण हलाखीच्या काळात एका म्हाताऱ्या भिकारी जोडप्यानंच त्यांना आधार दिला होता, ते ऋण त्यांनी असं फेडायला घेतलं. आधी शेजारी बसायचं, आजी-आजोबा म्हणून बोलायचं, मग दुखणं बघायचं, आणि नातं जुळलं की झेपेल असं काम करायला उभं करायचं, असा त्यांचा क्रम. आपल्याला सगळ्यांनाच तेवढं जमणार नाही. पण त्यातली पहिली पायरी, शेजारी बसून बोलायची, ती तर जमेल?

कागदांची गोष्ट

माझ्या आजींशी असंच बोलणं वाढत गेलं. मालक वारले, मुलाचं घर दोन खोल्यांचं, त्यात नातसून आली. दिंडीबरोबर आळंदीला आल्या त्या राहिल्याच. ‘‘कुणी हाकललं न्हाई, पण कुणी थांब बी म्हनलं न्हाई,’’ एवढंच त्या सांगतात.

मी कामाला लागले. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, पासष्टीच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, सध्या महिना १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयाकडे करायचा. त्याला वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा आणि आधार कार्ड लागतं. आजींचं आधार कार्ड वारीत हरवलेलं, रेशनकार्ड गावी मुलाच्या घरात. २००७ च्या कायद्यानं आईवडलांना मुलांकडून पोटगी मागता येते, प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणापुढे, महिना १०,००० रुपयांपर्यंत. तेही सांगून पाहिलं. आजींनी कानावर हात ठेवले. ‘‘पोराच्या नावानं कागद नको गं बाई.’’ मी पुढे बोलले नाही. आपल्यापैकी कोणती आई बोलली असती?

ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा फोन आहे, तिथे विचारून कागदांची पुढची वाट समजून घेतली. नव्या आधारासाठी दोन फेऱ्या झाल्या आहेत. अजून कार्ड हातात आलेलं नाही. म्हणजे वर्षभरानंतरही आजी त्याच जागी बसतात, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. मी कुणाचं आयुष्य बदललं वगैरे काही नाही. बदललं ते एवढंच, की ती म्हातारी आता मला ‘भिकारीण’ राहिली नाही. आणि आमच्या घरातही थोडं बदललं. मला भोळी म्हणणारे हे परवा स्वतःहून म्हणाले, ‘‘दाखल्यासाठी शनिवारी मी जाऊन येतो, तू उगाच रांगेत उभी राहू नकोस.’’

गेल्या गुरुवारी मी डबा घेऊन गेले, तर आजींनी झाकण उघडून पाहिलं आणि नाक मुरडलं.

‘‘आज बी मुगाचंच वरण व्हय? येकांदा येळ तुरीचं कर की, हिंग घालून.’’

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तक्रार माणूस कुठे करतो? जिथे आपलं ऐकून घेतील असं वाटतं तिथे. सासूबाई करायच्या, माहेरी गेलं की आपण आईकडे करतो.

घरी आले आणि आधी तूरडाळ भिजत घातली.